उलटी रोवलेली बेशरम

“मास्तर! ओ मास्तर! बाहर आव! तुमारी बेशरम मेरी न्हानी में आगई!”

रझियाखाला भिंतीवरून ओरडत होती. आमच्या आणि तिच्या अंगणात कंपाउंडची भिंत एकच. पलीकडून तिनं तेलाचा रिकामा डबा उपडा घालून उभं राहायची सोय केली होती. त्या डब्यावर ती चढली की अख्ख्या कॉलनीतले स्टोव्ह बारीक व्हायचे, कारण आवाजात तिचं एक अक्षर बुडून गेलं तर दिवस फुकट. त्या दिवशी तिच्या हातात अंगठ्याएवढी जाड, हिरवीगार फोक होती, शेंड्याला कोवळी पानं, आणि एक कळीसुद्धा. “देखो! फरशी फोडके निकली! मैं नहाने बैठी, तो ये बाजू में खडी, पडोसन के जैसी!” माझे वडील, म्हणजे आमचे नाना, टॉवेलवर पूजेला बसले होते. ते गंधाचं बोट कपाळापाशी तसंच धरून बाहेर आले आणि शाळेत नापास पोराच्या बापाशी बोलावं अशा शांत आवाजात म्हणाले, “खाला, हे शास्त्राप्रमाणं अशक्य हाय. मी सगळ्या फोका उलट्या रोवल्यात.” खालानं हातातल्या फोकेकडं बघितलं, नानांकडं बघितलं आणि विचारलं, “तो फिर ये सीधी कैसी आई?” नानांनी गंध लावून घेतलं आणि ते आत गेले. शास्त्र तिथं संपलं.

ज्यांनी बेशरम पाहिलेली नाही अशा भाग्यवंतांसाठी थोडं सांगते. नाल्याकाठी, तळ्याकाठी, बंद पडलेल्या गिरणीमागं, जिथं दुसरं काही उगवायला लाजतं तिथं ही उगवते. पुरुषभर उंच, पोकळ फोका, पान बदामासारखं आणि फुलं मात्र अशी गुलाबी-जांभळी की नव्या माणसाला वाटावं, कुणीतरी हौसेनं लावलीय. गाय तोंड लावत नाही, म्हैस बघत नाही. तोडून फेकलेली फोक जिथं पडेल तिथं मूळ धरते. आमच्या कॉलनीतल्या एका पेन्शनर काकांनी म्हणे बेशरमीची काठी टेकत टेकत पेन्शनची रांग धरली, आणि खिडकीपाशी पोचेपर्यंत काठीला पालवी फुटली. ही गोष्ट मी आजवर निदान शंभर जणांना सांगितली आहे आणि एकानंही खोटी म्हटलेली नाही, म्हणजे बघा. तिच्या जोडीला रिकाम्या प्लॉटांतलं गाजरगवत होतंच. ते अंगाला घासलं की माणूस नाचायला लागायचा. पण गाजरगवत निदान पावसाबरोबर यायचं आणि उन्हाबरोबर वाळायचं. बेशरमीला ऋतू नव्हता. ती आमच्या घरात येऊन राहिली होती, आणि तिला नानांनी स्वतः बैलगाडीत बसवून आणलं होतं.

त्याचं कारण भूकंप. लातूरला आमचं घर स्लॅबचं, तेव्हा नवंच. त्या गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे सगळं हललं, मांडणीवरची भांडी आमच्याआधी दाराबाहेर आली, पण घर उभं राहिलं. स्वयंपाकघरात फळीच्या वर भिंतीला केसाएवढी एक चीर गेली, एवढंच. आईचं माहेर औशाकडचं. तिथं घरं दगडामातीची. मामाला शोधायला गावकऱ्यांनी घराचा पुढचा सोपा उकरायला घेतला, कारण मामा रोज सोप्यात झोपायचा. त्या रात्री मात्र तो विसर्जनाहून दमून आला आणि आतल्या खोलीत पडला होता. हे कुणालाच माहीत नव्हतं. माणसं दिवसभर चुकीच्या जागी उकरत राहिली. आई तिथं उभी होती.

ती परत आली ती अंगणातच बसली. तेव्हा काही विशेष वाटलं नाही, कारण अख्खं लातूरच बाहेर झोपत होतं. रस्त्यावर बाजा, बाजांवर मच्छरदाण्या, कलेक्टर कचेरीतले साहेब आणि आमचा दूधवाला शेजारीशेजारी घोरताहेत, असं राज्य होतं. पण हळूहळू लोक आत गेले. आधी दमेकरी गेले, मग नवी लग्नं झालेले, मग ज्यांच्या घरी टीव्ही होता ते. शेवटी थंडी पडल्यावर सगळेच गेले. आई गेली नाही. दिवसा ती पीठ नाहीतर डाळ घ्यायला आत जायची, पण अशी, की जणू लोकांच्या घरी आलीय आणि चप्पल बाहेर राहिलीय. रांधायची बाहेर, जेवायची बाहेर, झोपायची बाहेर. नानांनी तिला इंजिनिअर आणून दाखवला. इंजिनिअरनं स्लॅबवर उड्या मारून दाखवल्या. आई म्हणाली, “लई चांगल्या मारल्या,” आणि त्याला चहा दिला. बाहेर.

तेव्हा नानांनी लोखंडी अँगल ठोकून पत्र्याचं शेड उभं केलं. त्या शेडचा आवाज माझ्या कानात अजून आहे. उन्हं चढायला लागली की पत्रा ताणायचा आणि एकदम ‘टण्ण’ व्हायचं. पहिल्या वर्षी त्या ‘टण्ण’ला आम्ही सगळे हातातलं टाकून रस्त्यावर जायचो आणि रस्त्यावर गेल्यावर लक्षात यायचं की आपण शेडमधून पळालोय, म्हणजे मुळातच बाहेर होतो. शेडला भिंती नव्हत्या. आणि आमच्या नानांना, हायस्कूलमधल्या विज्ञानाच्या मास्तरांना, आपली बायको उघड्यावर बाजेवर झोपलेली दुधाला जाणारे लोक बघतात हे काही सोसेना. आडोसा पाहिजे. म्हणून ते शिरूर अनंतपाळला, त्यांच्या गावी गेले आणि ओढ्यातल्या बेशरमीच्या फोका तोडून गाडीभर घेऊन आले. गावच्या माणसांनी सांगितलं, “मास्तर, ही धरंल बरं का.” नाना हसले. त्यांनी अंगणात उभं राहून आम्हाला धडाच दिला: झाडाचा रस खालून वर चढतो, फोक उलटी रोवली की शेंडा खाली, बुडखा वर, रस चढणार कुठून? फोक मुकाट वाळेल आणि कूड म्हणून उभी राहील. आम्ही दिवसभर गाडीभर फोका उलट्या रोवल्या, मध्ये सुतळीनं आडव्या फोका बांधल्या. आई खाटेवर बसून शेंगा फोडत बघत होती. “आता तुला कुणी बघणार न्हाई,” नाना म्हणाले. आई “बरं” म्हणाली.

पाऊस यायच्या आत त्या कुडाला फुलं आली.

आता तुम्ही म्हणाल, मग काढून टाकायची. काढली की! रविवार आला की नाना कुऱ्हाड घ्यायचे. पण तोडलेले तुकडे भिंतीशी टाकले तर भिंतीशी उगवले, रस्त्यावर टाकले तर गटारात उगवले, आणि शेजारच्या रिकाम्या प्लॉटात फेकले तर तिथं गाजरगवताला हुसकून त्यांनी गावच वसवलं. नानांनी प्रयोगशाळेत उरलेला मोरचूद आणून मुळांत घातला. त्यानं आईचा मोगरा मेला, शेवंती मेली, तुळस आठवडाभर आजारी पडली, आणि बेशरमीची फुलं मात्र पूर्वीपेक्षा गडद आली. मग जाळून बघितली. ओली बेशरम जळत नाही, नुसती धुमसते. धूर थेट गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या शाळेत भरणाऱ्या फिजिक्सच्या क्लासमध्ये गेला आणि क्लासचे सर हातात खडू, डोळ्यांत पाणी अशा अवस्थेत आमच्या दारात आले. “मास्तर, तुम्हीसुद्धा शिक्षकच ना हो?” एवढंच ते बोलले. नानांना ते शिवीपेक्षा लागलं. शेवटी खालाची शबनम. शबनम म्हणजे बकरी. बकरी बेशरम खात नाही असं सगळे सांगतात. पण त्या उन्हाळ्यात हिरवं दुसरं काही उरलंच नव्हतं. एक दिवस तिनं चव घेतली आणि मग तिला दुसरं काही रुचेचना. महिन्याभरात ती मान वाकडी करून, पाय एकमेकांत अडकवून, लग्नाच्या वरातीतल्या काकांसारखी चालायला लागली. ढोरांच्या डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं, हे खाणं बंद करा. पुन्हा डबा, पुन्हा खाला: “मास्तर! मेरी बकरी कू नशेबाज बनाके रख दिया तुमने!” शबनम वाचली, पण मान वाकडी ती वाकडीच राहिली. ती पुढं कायम जगाकडं संशयानं बघत असल्यासारखी दिसायची, आणि मला वाटतं तिचं बरोबर होतं.

तोवर कॉलनीत दुसरंच पीक आलं होतं. क्लासेसचं. बाहेरगावची पोरं लोंढ्यानं लातूरला यायला लागली होती, कुणी डॉक्टर व्हायला, कुणी इंजिनिअर व्हायला. ज्यांच्या घराला खोली होती त्यांनी खोली दिली, ज्यांना नव्हती त्यांनी गच्चीवर बांधली. आमच्या गल्लीत एकानं न्हाणीघराला खिडकी पाडून ‘सिंगल रूम’ म्हणून लावलं होतं, हे मी शपथेवर सांगते, फक्त कुठल्या शपथेवर ते विचारू नका. सगळ्यात खूश होते रझियाखालाचे यजमान, करीमचाचा. त्यांचं गाद्यांचं दुकान. जे पोरगं आलं त्याला गादी पाहिजेच. चाचांच्या अंगणात कापूस पिंजायच्या मशीनचा आवाज सकाळपासून सुरू व्हायचा आणि कापसाचे कण उडून आमच्या वरणात पडायचे. चाचा म्हणायचे, “बेटा, भूकंप ने लोगां कू जमीन पे सुलाया, क्लास ने गादी पे.” आमच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या आणि नानांच्या डोक्यात त्यांचंच फिरत होतं. पण खोली बघायला आलेला पालक आधी जंगल बघायचा, मग जंगलातून येणारा फोडणीचा वास घ्यायचा, मग परत जायचा.

आणि त्याच वर्षी माझा नांदेडला कॉलेजात नंबर लागला. आत्या नांदेडला होती, राहायची सोय होती, सगळं होतं. नाना म्हणाले, “जा की. पण तुझी आई अशी बाहेर. मी दिवसभर शाळेत. त्या झाडीत तिला काही झालं, चक्कर आली, जनावर निघालं, तर कुणाला दिसणार हाय? ती आत आली, की दुसऱ्या दिवशी तू नांदेडला.” म्हणजे माझं नांदेड आईच्या बाजेला बांधलेलं होतं. मी आईला समजावलं, रुसले, उपाशी राहिले. तिनं गरम सुशीला करून ताट पुढं सरकवलं, आणि चुरमुऱ्यांना हिरव्या मिरचीची अशी फोडणी बसली होती की मी उपास मोडला. सुशीला म्हणजे बाई नव्हे, हे पुण्यातल्या वाचकांसाठी. मुरमुऱ्यांचे पोहे म्हणा. आज माझ्या घरी ती होते, पण उपास मोडावा इतकी चांगली होत नाही. दोष मुरमुऱ्यांचा असावा.

एक दिवस हदगावहून पाहुणे आले. नवरा-बायको, त्यांचा मुलगा, ट्रंक, आणि चाचांच्या दुकानातून आधीच घेतलेली नवी गादी मुलाच्या डोक्यावर. म्हणजे मन झालेलं होतं. नानांनी त्यांना मागच्या बाजूनं नेऊन खोल्या दाखवल्या, नळ सोडून दाखवला, पंखा लावून दाखवला. सगळं पसंत पडलं. तेवढ्यात त्या बाईंनी खिडकीतून बघितलं.

“अगं बया, ही झाडी कशाची म्हणायची? साप-बीप?”

“छे छे. औषधी हाय,” नाना म्हणाले. “हवा शुद्ध राहाते. पोरांच्या डोक्याला चांगली.”

“आन् आतमदी पत्रे दिसायले, ते?”

नानांनी घसा साफ केला. “ते होय? ते सामानाचं शेड हाय.”

मी दारात उभी होते. झाडी हलली. फोका दोन्ही हातांनी बाजूला सारून आई बाहेर आली, पदराला पिठाचा हात पुसत, आणि त्या बाईंकडं बघून म्हणाली, “सामान मीच. चहात साखर किती घालू?”

पाहुण्यांनी चहा घेतला, कारण हदगावची माणसं चहाला नाही म्हणत नाहीत. पण गादी पुन्हा डोक्यावर चढली, ट्रंक उचलली, आणि “कळवतो” म्हणून ते गेले. नाना शाळेत जाऊन बसले. सुट्टी होती, तरी गेले.

मी मात्र भडकले. आईवर. तिच्या शेडमध्ये जाऊन मी जे काही तोंड सोडलं ते चाचांची मशीन चालू असूनही गल्लीभर ऐकू गेलं. तुझ्या आडोशापायी घर बुडालं, तुझ्या झाडीपायी माझं कॉलेज बुडालं, लोकांना वाटतं आमच्या घरी वेडं माणूस ठेवलंय! आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, “काढायची तर काढा की.” आता, आमच्या घरात ‘काढा की’ याचा अर्थ ‘काढून तर बघा’ असा होतो. ‘जा की’ म्हणजे ‘खबरदार’. ‘मला काय करायचंय’ म्हणजे सगळं सोडून माझ्याकडं बघा. तीन-चार वर्षं आई ‘काढा की’ म्हणत होती आणि तीन-चार वर्षं आम्ही तिला समजून घेत होतो. त्या दिवशी मी ठरवलं की धमकी तर धमकी. आडोसा काढायचा. उघड्यावर पडली की लाजेनं दोन दिवसांत आत येईल, आणि तिसऱ्या दिवशी मी नांदेडच्या गाडीत.

पुढच्या रविवारी नाना लोह्याला एका लग्नाला गेले. एसटी कोपऱ्यावरून वळली तशी मी गल्लीतल्या क्लासच्या पोरांना आवाज दिला. रविवारी संध्याकाळी मेस बंद असायची, आणि एरवीही मेसच्या भाजीत बटाटा कोणता आणि पाणी कोणतं हे पोरांना चवीवरून ओळखावं लागायचं. मी सांगितलं, बेशरम मुळासकट निघाली तर धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि पोटभर सुशीला. अर्ध्या तासात अंगणात इतकी पोरं जमली की क्लासच्या सरांना वाटलं आम्ही नवा क्लास काढला. पण यावेळी कुऱ्हाड नाही. पद्धत खालाची. डब्यावरून तिनं हुकूम सोडला: आधी पाणी सोडून माती मऊ करायची, खणून मुळासकट ओढायची, आणि मुख्य म्हणजे, “जमीन कू हात लगाने नक्को दो उसकू! जमीन मिली के आ गई!” म्हणून उपटलेली प्रत्येक फोक थेट चाचांच्या गाद्या पोचवायच्या हातगाडीत, हातगाडीतून शिडीनं शेडच्या पत्र्यावर. खाली तापलेला पत्रा, वर ऊन. चाचा वर चढून कापसाचे थर लावावेत तसे बेशरमीचे थर लावत होते आणि म्हणत होते की या गादीवर झोपणाऱ्याचा नंबर नक्की मेडिकलला लागेल.

मी आईकडं चोरून बघत होते. आता रडेल, आता आडवी येईल. ती उठली. तिनं धपाटे उलटायला खालाला बसवलं, पदर खोचला, कुदळ घेतली आणि कोपऱ्यातल्या सगळ्यात जाड खोडाशी गेली, ज्याला पोरं भ्यायली होती. एक, दोन, तीन घाव घातले आणि गुडघा टेकवून असं हिसकलं की मूळ बाहेर येताना शबनम लांबवर उभी होती ती बसली.

“आई, तुला चालायलंय का हे?”

“मला काय? माझी कधी होती ती?”

“मग रोज तिला पाणी कामून घालत होतीस?”

“भांडी धुतलेलं पाणी कुठं टाकू मग? देवघरात?” ती म्हणाली आणि पुढच्या खोडाकडं वळली. “तुझ्या नानाला पाहिजे होता आडोसा. म्हणलं, असू दे. त्यांना लाज वाटती.”

नाना संध्याकाळी लोह्याहून आले ते घरावरून पुढं गेले, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आले, आणि पुन्हा पुढं गेले. तिसऱ्या खेपेला आईनंच हाक मारली. ते अंगणात उभे राहिले. सगळं सपाट. लाल-काळी खणलेली माती, समोर थेट रस्ता, शेड म्हणजे चार अँगल आणि पत्रा, पत्र्यावर बेशरमीचा ढीग, आणि खाली बाजेवर त्यांची बायको, जी रस्त्यावरच्या कुणालाही दिसत होती. त्यांच्या तोंडावर माझाच हिशोब दिसत होता: आता येईल. आता येईल आत. आई उठली. तिनं बाजेचा एक पाय उचलला. तिनं बाज फरफटत नेली ती घराकडं नव्हे, बरोबर उलट. कुंपण होतं त्या जागी, रस्त्याच्या अगदी कडेला. “इथं वारं चांगलं लागतंय,” ती म्हणाली आणि बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलनी दुधाला निघाली. आई बाजेवर बसून तांदूळ निवडत होती. एकेक जण थबकायचा, मग “काकू, बरं हाय का?” म्हणायचा, आणि आई सुपातून मान वर करून “हाय की, तुमची लेक आली का बाळंतपणाला?” असं विचारायची. क्लासला जाणारी पोरं सायकलवरून “काकू, धपाटे!” म्हणून ओरडत गेली. नाना खिडकीच्या पडद्याआड उभे होते. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडं डबा वाजला. खाला चढली. मी कान बंद करायच्या बेतात होते. पण ती ओरडली नाही. तिनं भिंतीवर कोपरं टेकून बाजेकडं बघितलं. मग म्हणाली, “अब कैसा साफ दिखता. बैठी तो दिखती, उठी तो दिखती, सोई तो भी दिखती. मास्तर! बच्ची कू नांदेड भेजो. मैं हूं ना, डब्बे पे.”

झाडीत तिला काही झालं तर कुणाला दिसणार, हा प्रश्न नानांचाच होता, आणि आता झाडीच नव्हती.

जायच्या दिवशी रिक्षात माझी ट्रंक चढली. चाचांनी गादी दिली, म्हणाले, यात बेशरम भरलेली नाही, बघून घे. (ती गादी मी नांदेडला चार घरं बदलताना बरोबर नेली आहे, कापूस दोनदा पिंजून घेतला. आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटात सध्या गाजरगवत कमरेला लागलंय आणि सोसायटीच्या मोबाईल ग्रुपवर रोज त्यावर चर्चा होते. मी एकदा धपाट्यांचा उपाय सुचवला. तरुण सेक्रेटरीनं अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं. अजून कुणी कुदळ उचललेली नाही.) आई बाजेवर बसून माझ्या डब्यावर फडकं बांधत होती. नाना तिच्याजवळ आले, इकडंतिकडं बघितलं आणि आवाज एकदम खाली आणून, शेवटचा प्रयत्न म्हणून, म्हणाले, “अगं, अख्खी कॉलनी बघायली, तू कुठं झोपतीस ते.”

आईनं गाठ मारली, ओढून बघितली, आणि डबा माझ्या हातात दिला.

“बघू द्या,” ती म्हणाली. “उद्या काही झालं, तर कुठं उकरायचं न्हाई ते तरी कळंल त्यांना.”